मालमोटारीचें चाक आणि अर्ध्या इंचाचा धोका

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना त्या कामांतील एक गोष्ट खचित आठवत असेल. लोहार धांव तयार करतो ती लाकडी चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान. मग ती गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवितात. तापल्यानें ती फुगते, चिमट्यांनीं उचलून तिला चाकावर बसवितात आणि लगेच तिच्यावर पाणी ओततात. निवतां निवतां धांव आवळत जाते आणि सारें चाक मुठींत धरल्याप्रमाणें घट्ट होतें. येथें धांवेचें आणि चाकाचें माप जुळत नाहीं, हाच मोठा गुण आहे. परंतु माप कितीनें कमी ठेवावयाचें हें लोहाराला पक्कें ठाऊक असतें, आणि तापलेलें लोखंड तेवढें वाढावयास तयार असतें, म्हणूनच तो गुण ठरतो.

आज मी ज्या चाकाविषयीं बोलणार आहें, तेथील प्रकार याच्या अगदीं उलट आहे. मालमोटारीचा रबरी टायर आणि त्याच्या आंतील लोखंडी रिम यांच्या मापांत अर्ध्या इंचाचें अंतर असेल, तर तें अंतर कोणत्याही युक्तीनें भरून येत नाहीं. दुर्दैव असें कीं, तें अंतर डोळ्यांना दिसत नाहीं आणि हातांनाही फारसें जाणवत नाहीं. तें प्रथम जाणवतें हवेला. आणि हवेला जाणवेपर्यंत मनुष्य त्या चाकावर ओणवा झालेला असतो.

मोटारीचा अपघात म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें घाटांतील वळण, निकामी झालेला ब्रेक किंवा झोंपेनें पेंगुळलेला चालक उभा राहतो. परंतु एक अपघात असा आहे कीं, तो गाडी उभी असतांना, किंबहुना गाडीपासून सोडविलेलें चाक जमिनीवर पडलेलें असतांना घडतो, आणि त्यांत बळी पडतो तो बहुधा हवा भरणारा कारागीर. हा अपघात कसा घडतो हें समजावयाचें, तर टायर रिमवर बसतो कसा हें आधीं पाहिलें पाहिजे.

टायर वरून रबराचा दिसतो, तरी त्याच्या दोन्ही कडांच्या पोटांत पोलादी तारांचें एकेक कडें असतें. या कडेला कारागीर ‘बीड’ म्हणतात. टायरचें बाकीचें अंग वाकतें, दबतें, फुगतें. हें पोलादी कडें मात्र ताणलें जात नाहीं. तें ताणलें जाऊं नये म्हणूनच तें तेथें घातलेलें असतें. रिमच्या दोन्ही बाजूंस उभा कांठ असतो, त्या कांठाला लागून आंतल्या अंगास टायरची कड बसण्याची बैठक असते, आणि एकसंध रिमच्या मध्यभागीं एक खोलगट चर असतो. हा चर कशासाठीं? टायरचें कडें रिमच्या कांठापेक्षां लहान असतें. तें कांठावरून आंत जाणार कसें? म्हणून कडेचा एक भाग त्या चरांत उतरवितात. त्यामुळें समोरच्या बाजूस थोडी सवड मिळते, आणि टॉमीच्या साहाय्यानें उरलेली कड कांठावरून आंत घेतां येते. पुढें हवा भरली म्हणजे दोन्ही कडा चरांतून वर सरकत बाहेरच्या अंगास जातात आणि ‘फट्’ असा आवाज करून आपापल्या बैठकीवर बसतात. तो आवाज ऐकला कीं टायर बसला, असें समजतात.

येथेंच धोक्याचें मूळ आहे. ज्या चरामुळें योग्य मापाचा टायर चढवितां येतो, त्याच चरामुळें चुकीच्या मापाचा टायरही चढवितां येतो. टायर रिमवर चढला एवढ्यावरून तो त्या रिमचा आहे असें सिद्ध होत नाहीं. चढणें निराळें आणि जुळणें निराळें. आणि या दोहोंतील भेद दाखविणारी खूण एकच आहे, ती म्हणजे टायरवर व रिमवर उमटविलेला आंकडा.

टायरच्या बाजूवरील आंकडे वाचणें कठीण नाहीं. आजच्या अनेक मोठ्या मालमोटारींच्या टायरवर २९५/८० आर २२.५ असें लिहिलेलें आढळतें. यांतील २९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्यें. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०. ‘आर’ हें अक्षर आंतील धाग्यांची मांडणी त्रिज्येच्या दिशेनें, म्हणजे रेडियल पद्धतीची, असल्याची खूण. आणि शेवटचा २२.५ म्हणजे ज्या रिमवर हा टायर बसावयाचा, तिच्या बैठकीचा व्यास, इंचांमध्यें. जुन्या घाटणीच्या गाड्यांवर १०.००-२० असें माप दिसेल. तेथें टायरची रुंदी दहा इंच आणि रिमचा व्यास वीस इंच. रिमवरही असाच आंकडा ठोकलेला असतो. मात्र तो गंजाखालीं, चिखलाखालीं किंवा रंगाच्या थराखालीं दडलेला असतो आणि पुष्कळदां कोणी तो शोधीतही नाहीं.

आतां ‘साडेबावीस’, ‘साडेसोळा’ अशीं अर्धवट मापें आलीं कोठून? पूर्वीच्या ट्यूबच्या टायरांसाठीं ज्या रिमा होत्या, त्यांची बैठक जवळजवळ सपाट, म्हणजे सुमारें पांच अंशांच्या उताराची होती. पुढें मालमोटारींसाठीं ट्यूबविरहित टायर आले. त्यांत हवा कोंडून धरण्याचें काम टायरच्या कडेलाच करावें लागतें. यासाठीं पंधरा अंशांच्या उताराची बैठक असलेली एकसंध रिम करण्यांत आली. कड त्या उतारावर पाचरीसारखी घट्ट बसते. साडेसोळा, साडेसतरा, साडेएकोणीस, साडेबावीस, साडेचोवीस हीं मापें या पंधरा अंशांच्या रिमांचीं होत. म्हणजे मालमोटारीच्या मापांतील तो अर्धा इंच नुसता अर्धा इंच नाहीं. रिमची घडणच निराळी आहे, ही त्याची सूचना आहे.

या अर्ध्या इंचानें सर्वांत अधिक अनर्थ केला तो अमेरिकेंत. तेथें शेतकरी, सुतार, गवंडी असे लोक लहान उघड्या मालगाड्या फार वापरतात. त्यांना पिकअप म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत यांपैकीं कांहीं गाड्यांना सोळा इंची चाकें असत, तर कांहींना साडेसोळा इंची. दोन्ही प्रकारच्या गाड्या त्याच दुकानांत येत, दोन्ही मापांचे टायर तेथेंच शेजारीं शेजारीं रचलेले असत. त्यांत आणखी भर अशी कीं, साडेसोळा इंची रिमचा उभा कांठ सोळा इंचीच्या कांठापेक्षां ठेंगणा. त्यामुळें बैठकीच्या व्यासांत अर्ध्या इंचाचा फरक असला, तरी कांठाकांठांतील माप जवळपास सारखेंच भरे. दोन रिमा भिंतीला टेंकून ठेवल्या, तर कोणती कोणत्या मापाची हें सराईत मनुष्यालाही नजरेनें सांगतां येत नसे. साहजिकच सोळा इंची टायर साडेसोळा इंची रिमवर विनासायास चढे.

चढल्यावर काय होई, तें पाहूं. व्यासांत अर्धा इंच म्हणजे घेरांत दीड इंचाहून अधिक अंतर. टायरचें पोलादी कडें सोळा इंची. तें साडेसोळा इंची बैठकीवर बसणें शक्य नाहीं. कारागीर हवा भरूं लागतो. खालची कड कशीबशी बसते. वरची कड घेराच्या बऱ्याच भागांत वर सरकते, पण एका बाजूस अडून राहते. कारागिराचा अनुभव असा कीं, कधींकधीं योग्य टायरही बसावयास हट्ट धरतो आणि थोडी जास्त हवा दिली कीं बसतो. म्हणून तो आणखी हवा देतो. कड हलत नाहीं. तो आणखी देतो, कडेवर वाकतो, हातोड्यानें ठोकतो. आंत पोलादी तारेवरील ताण वाढत वाढत त्या अडलेल्या भागाशीं एकवटतो. तार ताणली जात नाहीं, बैठकीवरही जाऊं शकत नाहीं. शेवटीं ती तुटते. तार तुटली कीं टायरची कड रिमच्या कांठावरून सुटते, कोंडलेली हवा एका क्षणांत बाहेर पडते आणि चाक वर उसळतें. त्या वेळीं चाकावर जो वाकलेला असेल, त्याच्या हाताला, छातीला किंवा मस्तकाला तो आघात बसतो.

हवेंत एवढें बळ कोठून येतें, असें कोणी विचारील. हिशेब साधा आहे. ४० इंच व्यासाचा आणि २० इंची रिमचा एक मालमोटारीचा टायर घ्या. त्याच्या एका बाजूच्या भिंतीचें क्षेत्रफळ सुमारें ९४० चौरस इंच भरतें. त्यांत दर चौरस इंचास १०० पौंड दाबानें हवा भरली, म्हणजे त्या एका भिंतीला हवा आंतून सुमारें ९४ हजार पौंडांच्या, म्हणजे ४२ टनांहून अधिक बळानें रेटीत असते. दोन आसांच्या दोन मालमोटारी पूर्ण भरून एकावर एक ठेवल्या, तरी एवढें वजन व्हावयाचें नाहीं. टायर धड आहे, कड बैठकीवर आहे, रिम शाबूत आहे, तोंपर्यंत हें बळ शांतपणें मालाचें ओझें वाहतें. यांपैकीं एक सांधा निखळला कीं तेंच बळ बाहेरची वाट शोधतें. शिवाय हवा ही पाण्यासारखी नाहीं. दाबलेल्या पाण्याला वाट मिळाली कीं त्याचा दाब तत्काळ उतरतो. दाबलेली हवा मात्र मोकळी होतांच कितीतरी पटींनीं पसरते. १०० पौंडांची हवा बाहेर पडून पूर्ववत् होतांना सुमारें आठ पट जागा व्यापते. हें पसरणें म्हणजेच स्फोट.

अमेरिकेंतील टायर-उत्पादकांच्या संघटनेनें कारागिरांना म्हणूनच बजाविलें कीं, मोटारींचे व हलक्या मालगाड्यांचे टायर बसवितांना ४० पौंडांच्या वर हवा कधींही चढवूं नये. तेवढ्यानें कड बसली नाहीं, तर हवा सोडून द्यावी आणि कोठें चुकतें आहे तें पाहावें. हा नियम मोठा शहाणपणाचा आहे. कड बसत नाहीं हा टायरचा हट्ट नव्हे, ती त्याची तक्रार आहे, असें यांत गृहीत धरलेलें आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, टायरवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून ठेवावी म्हणजे झालें. ती लिहिलेली होती. आणि तरीही जें घडलें तें टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं दिलेल्या एका निकालांत नमूद आहे. एक कारागीर साडेसोळा इंची रिमवर सोळा इंची टायर चढवीत होता. टायरवर पिवळ्या व तांबड्या रंगांनीं उठून दिसणारी सूचनापट्टी चिकटविलेली होती. स्फोटानें हवेंत फेंकल्या गेलेल्या कामगाराचें चित्रही तिच्यावर होतें. सोळा इंची टायर साडेसोळा इंची रिमवर कधींही चढवूं नका, हवा भरतांना त्यावर ओणवे होऊं नका, असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. तरी त्यानें तें केलें, आणि टायर फुटून तो गंभीर जखमी झाला. त्यानें तें कां केलें, याचें त्यानें दिलेलें उत्तर विचार करावयास लावणारें आहे. त्याच रिमवरून त्यानें नुकताच एक सोळा इंची टायर उतरविला होता. जो टायर निघाला, त्याच मापाचा दुसरा त्याच रिमवर बसेल, यांत त्याला धोका दिसला नाहीं.

म्हणजे कोणीतरी पूर्वीं केलेली चूक सुदैवानें त्या वेळीं निभावून गेली होती, आणि पुढच्याला ती चूक नियमासारखी दिसली. डोळ्यांपुढचें उदाहरण आणि कागदावरची सूचना यांत विरोध आला, तर मनुष्य बहुधा उदाहरणावरच विश्वास ठेवतो. ही एका कारागिराची निष्काळजी नव्हे, हा मनुष्यस्वभाव आहे. न्यायालयापुढें असाही पुरावा आला कीं, अधिक बळकट घडणीचें पोलादी कडें करणें शक्य होतें आणि इतर कांहीं कारखानदार तें करीतही होते. बहुमताचा निर्णय असा झाला कीं, जेथें अधिक सुरक्षित घडण वाजवी रीतीनें साधतां येते, तेथें नुसती सूचना लावून उत्पादकाची जबाबदारी संपत नाहीं. कांहीं न्यायमूर्तींचें मत याच्या विरुद्ध होतें. एवढी स्पष्ट सूचना डावलणाऱ्याच्या चुकीचा भार दुसऱ्यावर कां टाकावा, असा त्यांचा रोख होता. या वादांत कोणाचीही बाजू घेतली, तरी एक गोष्ट उरतेच : सूचना असूनही टायर फुटला.

सूचनेवर न विसंबतां कामाची पद्धतच बदलावी, या विचारानें अमेरिकन सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्यानें मोठ्या मालमोटारी व बसगाड्या यांच्या चाकांसाठीं १९८० सालीं नियम केले. आरंभीं ते अनेक भागांच्या रिमांपुरते होते. १९८४ सालीं एकसंध रिमांनाही ते लागू झाले. त्यांचें सार असें : चाकांचें काम शिक्षण दिल्याखेरीज कोणालाही सांगूं नये, जोडणीपूर्वीं टायर व रिम यांचें माप आणि जात जुळते कीं नाहीं हें तपासावें, वाकलेली, तडकलेली, गंजानें खाल्लेली रिम वापरूं नये, रिम तापवूं नये, लोखंडी दांड्यांचा भक्कम पिंजरा वापरावा, आणि हवेची नळी एवढी लांब असावी, तिचें तोंड व्हॉल्व्हला आपोआप चिकटून राहील असें असावें, कीं हवा भरणाऱ्याला चाकाच्या उसळण्याच्या वाटेंत उभें राहावें लागूं नये. हा पिंजरा टायरच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबाला चाक फुटलें तरी टिकेल इतका मजबूत हवा, असेंही त्यांत सांगितलें आहे.

हें सारें अमेरिकेचें झालें. आपल्याकडे साडेसोळाच्या रिमा क्वचित् दिसतात, म्हणून आपण निर्धास्त राहावें काय? मुळींच नाहीं. आपल्याकडे वर्षानुवर्षें मालमोटारी धांवल्या त्या वीस इंची, ट्यूब आणि फ्लॅप घातलेल्या टायरांवर, आणि अनेक आजही धांवतात. त्यांच्या जोडीला आतां साडेबावीस इंची ट्यूबविरहित टायर आले आहेत. १०.००-२० या टायरच्या जागीं ११ आर २२.५ हा टायर योजतात, कारण बाहेरून दोहोंची उंची जवळपास सारखी असते. उंची सारखी असली तरी रिमा अगदीं भिन्न. टायर बदलावयाचा तर रिमही बदलावी लागते, हें विसरून चालत नाहीं.

वीस इंची रिमेचा धोका आणखी निराळा आहे. तिच्या मध्यें खोल चर नसतो. म्हणून ती अनेक भागांची करतात. मूळ रिम, तिच्या एका बाजूस बसणारी कडी, आणि ती कडी अडकवून धरणारी लॉक-रिंग. कारखान्याकारखान्यांच्या या रिंगा दिसावयास सारख्या, परंतु खांचेची खोली व घडण यांत सूतभर फरक असूं शकतो. अडल्या वेळीं एका चाकाची रिंग दुसऱ्या चाकाला लावण्याचा मोह अनिवार होतो, आणि ती हातोड्यानें ठोकली कीं बसल्यासारखी दिसते. पुढें हवा भरतांना किंवा गाडीला चाक लावल्यावर ती खांचेंतून निसटली, तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. ‘रिंग उडाली’ हे शब्द महामार्गावरील प्रत्येक टायरवाल्यानें कधीं ना कधीं ऐकलेले असतात. टायर व रिम यांच्या मापांप्रमाणेंच रिमच्या भागांचीही आपसांत जुळणी असावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

व्यास जुळला तरी रुंदीचा प्रश्न उरतो. १०.००-२० या टायरला साडेसात इंच रुंदीची रिम योग्य, ९.००-२० ला सात इंचांची, आणि २९५/८० आर २२.५ या टायरला नऊ इंचांची. रुंद टायर अरुंद रिमवर घातला, तर त्याची भिंत बाहेर फुगते, मधली नक्षी लौकर झिजते आणि वळणावर गाडी अंग टाकल्यासारखी डुलते. अरुंद टायर रुंद रिमवर घातला, तर भिंत ताणली जाते, आणि खड्ड्याच्या किंवा दगडाच्या धक्क्यानें कड बैठकीवरून सुटण्याचा संभव वाढतो. कोणत्या टायरला कोणती रिम चालेल याचीं कोष्टकें तयार असतात. आपल्या देशांत इंडियन टायर टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटी ही संस्था तीं प्रसिद्ध करते. टायर-कंपन्यांच्या पुस्तिकांतूनही तीं मिळतात. तर्क चालविण्याची गरज नाहीं, वाचण्याची आहे.

आतां मागच्या आसावरील जोडचाकांकडे वळूं. येथें दोन टायर एकाच तुंब्याला खिळलेले असतात, म्हणून दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एकाचा व्यास ४० इंच आणि दुसऱ्याचा साडेचाळीस असला, तर प्रत्येक फेऱ्यांत त्यांच्या वाटचालींत दीड इंचाचा फरक पडतो. किलोमीटरमध्यें असे तीनशेंहून अधिक फेरे होतात. म्हणजे दर किलोमीटरला सुमारें बारा मीटरांची ही तफावत कोणत्या तरी टायरला रस्त्यावर घासत फेडावी लागते. शिवाय मोठा टायर जास्त ओझें उचलतो. तो तापतो, लहान टायर झिजतो, आणि उन्हाळ्यांत भर दुपारीं मोठ्यानें धीर सोडला कीं सारें ओझें एकाएकीं दुसऱ्यावर येतें. म्हणून ९.०० किंवा त्याहून मोठ्या मापाच्या जोड-टायरांच्या व्यासांत अर्ध्या इंचाहून अधिक, आणि ८.२५ व त्याखालच्या मापांत पाव इंचाहून अधिक अंतर असूं नये, असा दंडक आहे. लक्षांत घ्या कीं, दोन्ही टायरांवर एकच आंकडा असूनही हें अंतर पडूं शकतें. एका टायरची नक्षी दुसऱ्यापेक्षां सात मिलिमीटरांनीं अधिक झिजली असेल, तर व्यासांत चौदा मिलिमीटरांचा, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक फरक झालाच. वाटेंत पंक्चर झालें म्हणून झिजलेल्या टायरशेजारीं स्टेपनीचा कोरा टायर लावणें हें मुक्कामापर्यंत जाण्यापुरतें ठीक. तीच जोडी महिनोन्महिने चालविणें ठीक नव्हे.

तर मग करावयाचें काय? टायर हातीं घेण्यापूर्वीं रिमवरील गंज तारेच्या ब्रशानें काढून तिचा आंकडा वाचावा, टायरचा वाचावा, आणि दोन्ही मोठ्यानें उच्चारावे. रिमवरचा आंकडा वाचतां येत नसेल, तर ती रिम अनोळखी समजून बाजूला ठेवावी. आधींच्या टायरवरून माप ठरवूं नये. तो टायरही चुकीचा असूं शकतो. चाक गाडीवरून सोडविण्यापूर्वीं व्हॉल्व्हमधील पिन काढून सर्व हवा जाऊं द्यावी. जोडचाकांच्या बाबतींत दोन्ही टायरांची. हवा भरतांना चाक पिंजऱ्यांत असावें, नळी लांब असावी, आणि मनुष्य बाजूला असावा. आणि कड बसत नसेल, तर हवा वाढवूं नये, सोडून द्यावी.

यांतील एकही गोष्ट फार खर्चाची नाहीं. लोखंडी पिंजरा कोणत्याही गांवचा वेल्डर मापाप्रमाणें भक्कम करून देऊं शकेल, दहा-बारा हातांची नळी कोठेंही मिळते. अडचण पैशांची नाहीं, घाईची आहे. माल वेळेवर पोंचवावयाचा असतो, मालकाचा फोन येत असतो, चालक चाकाशीं उभा राहून ‘आटप, आटप’ म्हणत असतो, आणि त्या घाईचें ओझें शेवटीं उतरतें तें रस्त्याच्या कडेच्या दुकानांतील पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर. गाडी त्याची नाहीं, माल त्याचा नाहीं, टायर विकत घेतांना त्याला कोणी विचारलेलें नाहीं. मात्र चाकावर ओणवा होतो तो तोच. वास्तविक अशा कामाला अशिक्षित पोर लावणें हेंच मुळांत अयोग्य. निदान ज्यानें टायर विकत घ्यावयाचा, त्यानें तरी आंकडा वाचूनच तो घ्यावा, आणि ज्यानें गाडी चालवावयाची, त्यानें पिंजरा नसलेल्या दुकानांत चाक देऊं नये.

लोहार धांव चढवितो तेव्हां आधीं तो चाकाचा घेर दोरीनें मोजतो. वर्षांनुवर्षें चाकें घडविणाऱ्या त्या मनुष्याला नजरेवर भिस्त ठेवण्याचा अधिकार नव्हता काय? होता; तरीही तो दोरी लावतो. मालमोटारीच्या चाकाला दोरीचीही गरज नाहीं. माप तेथें कोरूनच ठेवलेलें आहे.